शपथ आणि तलफ

दारूच्या व्यसनावर आपल्या समाजाने आजवर जे इलाज योजले, त्यांत शपथेला जो मान मिळाला तो दुसऱ्या कोणत्याही इलाजाला मिळाला नाही. बेलभंडार उचलून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून किंवा गळ्यात तुळशीची माळ घालून ‘आजपासून शिवणार नाही’ असे म्हणणाऱ्याचा शब्द टिकला तर तो निश्चयाचा पुरुष, आणि न टिकला तर नादान, असा हा सरळ निवाडा होता. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकराकडेही आपण बहुधा याच नजरेने पाहत आलो आहोत. वस्तुतः त्या नाटकातला पहिला प्याला सनद स्थगित झाल्याच्या अपमानातून आणि तळीरामाच्या संगतीत, म्हणजे विशिष्ट प्रसंगी व विशिष्ट माणसाच्या सान्निध्यात ओठांशी येतो. पुढे शास्त्राने ज्याचा माग काढला, त्याची खूण नाटककाराने आधीच दाखवून ठेवली होती, असे मला वाटते.

इंग्लंडच्या आरमारात वैद्यकी केलेल्या थॉमस ट्रॉटर या डॉक्टराने १८०४ सालीच मद्यपानाची सवय हा मनाचा रोग आहे असे प्रतिपादिले होते. परंतु महिनोन्‌महिने निर्व्यसनी राहिलेल्या माणसाला एखाद्या संध्याकाळी अकस्मात तलफ का यावी, याचा उलगडा केवळ रोग म्हटल्याने होत नव्हता. तो उलगडा अमेरिकेतील केंटकी प्रांतात, लेक्सिंग्टनच्या सरकारी इस्पितळात सुरू झाला. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींसाठी १९३५ साली उघडलेल्या त्या इस्पितळात शिक्षा भोगणारे कैदी आणि आपणहून दाखल झालेले रुग्ण एकत्र असत. तेथील डॉ. एब्राहम विकलर यांच्या ध्यानात आले, की ज्यांच्या शरीरातून विष केव्हाच निघून गेले आहे असे रुग्णही आपसांत नशेच्या गोष्टी बोलू लागले की जांभया देऊ लागतात, त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते. आणि सुटून आपल्या जुन्या वस्तीत पाऊल ठेवताच अनेकांना तीच पीडा पुन्हा सुरू होते. अन्नाची नुसती चाहूल लागताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते हे पाव्हलॉव्हने दाखविले होते. विकलरांनी १९४८ साली तोच न्याय व्यसनाला लावला आणि गल्ली, मित्र, वेळ, वास यांचाही शरीराशी करार झालेला असतो, हे सांगितले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे वळण होय. कारण तलफ ही केवळ चारित्र्याची कैफियत न राहता तिला ठावठिकाणा मिळाला.

व्हिएतनामच्या युद्धाने याची विलक्षण साक्ष दिली. तेथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स या विदुषींनी मायदेशी पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे पाच टक्केच पुन्हा व्यसनात सापडल्याचे आढळले. त्यांची ती भूमीच मागे राहिली होती. आपल्याकडचा रुग्ण मात्र उपचार संपवून त्याच चाळीत, त्याच गुत्त्यावरून जाणाऱ्या वाटेने परततो.

‘तुला आवडत नाही म्हणतोस, मग पितोस कशाला?’ हा घरच्यांचा प्रश्न रास्त वाटतो. पण रॉबिन्सन व बेरिज या संशोधकांनी १९९३ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे मेंदूत हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन निराळ्या क्रिया आहेत; आवड आटून गेल्यावरही ओढ वाढत राहू शकते. मद्याची मनापासून घृणा करणारा माणूस त्याच क्षणी मद्याकडे खेचला जातो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

परंतु ओढ अनावर असली तरी अनंत नसते. हे ठामपणे सांगितले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी. तलफ ही लाटेप्रमाणे उसळते, शिगेला पोहोचते आणि तिला खाद्य न मिळाल्यास बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. म्हणून तिच्याशी झुंजण्यापेक्षा ती कोठे उठली, छातीत की घशात, हे न्याहाळत तिच्यावर तरून राहावे, असे ते शिकवीत. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली, आणि शपथेविषयीचा माझा आक्षेप तिच्यावरच उभा आहे. एखाद्या वेळी पाय घसरला की ‘आता सगळेच संपले’ या लज्जेपोटीच माणूस पुढचे सर्व प्याले रिचवतो. पहिला प्याला तलफेचा असतो. दुसऱ्यापासूनचे पुष्कळदा मोडलेल्या शपथेचे असतात. शपथ जितकी निरपवाद, तितकी ती मोडल्यावरची निराशा खोल. शिवाय वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीविना एका रात्रीत दारू बंद केली, तर झटके येऊन प्राणावरही बेतू शकते.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे नवागतांना आधार देऊ लागली. ज्याने पगाराच्या संध्याकाळची आणि गटारीच्या अवसेची ओढ स्वतः सोसली आहे, त्याच्याजवळ उपदेशाऐवजी तजवीज असते: पगार परस्पर बायकोच्या हाती द्यावा, घरी यायची वाट बदलावी, उपाशी राहू नये, भांडण झाले तर एकटे बाहेर न पडता कोणाला तरी फोन करावा.

ज्यांच्या घरी असा माणूस नुकताच परतला असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्याच्याकडून नवी शपथ मागू नका. दिवसातली कोणती वेळ त्याला सर्वांत जड जाते ते त्याला विचारा, आणि निदान पहिले काही महिने त्या वेळी घरातले कोणीतरी त्याच्यासोबत राहील अशी व्यवस्था करा.