आकृतींत न दिसणारा माणूस

ज्यांचे घटक दूरदूर व स्वतंत्र राहून केवळ कराराच्या सूत्रानें एका कार्यापुरते जोडले जातात, अशा संस्थांस अलीकडील शास्त्रज्ञ ‘आभासी संघटना’ म्हणतात, व परिस्थिति पालटली असतां त्या कशा वळतील हें गणिती आकृतीनें अजमावतात. पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्था पाहिल्या, तर ही कल्पना फारशी नवी वाटत नाहीं. शेतें ज्याचीं त्याचीं. भाग कितीही असोत, सभासदास मत एकच. पण तोडलेल्या उसांतील साखर वेळ जातां घटत जाते, म्हणून तोड, वाहतूक व गाळप यांची सांगड घालावीच लागते. ती ज्यांच्या हातांवर चालते ते तोडणी-मजूर मात्र सहसा सभासद नसतात. त्यांच्या हिशेबांत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरण्याची रीत आहे. माणसें दोन, नोंद हत्याराची! याहून बोलकी आकृती कोणता गणिती काढील?

पाऊस चुकला कीं हंगाम आंखडतो, यंत्र आलें कीं कोयते कमी लागतात; आकृतींत संस्था तगलेली दिसते, आणि तें खोटेंही नव्हे. प्रश्न इतकाच कीं, हें वळणें कोणाच्या जिवावर? नंदुरबार-धुळ्याकडील जीं आदिवासी जोडपीं तोडीसाठीं दक्षिण गुजरातेपर्यंत जातात, त्यांनीं हंगामापूर्वींच मुकादमाची उचल घेतलेली असते. काम कमी झालें, तरी ती फेडावीच लागते. उरली तर पुढील वर्षाच्या खातीं चढते.