कोणासाठी घ्यायची फळी?

पंचावन्न वर्षांच्या, चौऱ्याण्णव किलो वजनाच्या माणसाने लाटांवर उभं राहायला शिकायचं ठरवलं, तर पहिला सर्फबोर्ड कोणता घ्यावा? व्यवहारापुरतं उत्तर सोपं आहे: नऊ फुटांच्या आसपासचा, रुंद, जाड, वरून मऊ फोमचा. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात. नवशिक्याने आपल्या किलोंइतके लिटर तरी घ्यावेत, थोडे जास्तच बरे. आर्किमिडीजच्या नियमाला वय आणि इभ्रत ठाऊक नाही.

मला ती ठाऊक आहे. चेन्नईच्या दक्षिणेला, कोवलमच्या किनाऱ्यावर विशीतली मुलं सहा फुटी चिंचोळ्या बोर्डावर लीलया वळतात. त्यांच्या शेजारून ही लांबलचक फळी डोक्यावर घेऊन जाणं म्हणजे आपलं वय आणि पोट दवंडी पिटून सांगणं. इथे प्रश्न नैतिक होतो. वस्तू घ्यायची ती आज जो आहे त्या माणसासाठी, की जो व्हावासा वाटतो त्याच्यासाठी?

दुसऱ्या बाजूलाही बळ आहे. न समजणारी पुस्तकं विकत घेतली नसती, तर मी वाचक झालो नसतो. पण पुस्तक फडताळात वाट पाहतं. लाट थांबत नाही. छोटा बोर्ड माझ्या भाराखाली दबतो, वल्हवून वेग घेत नाही आणि लाट खालून निघून जाते. उभं राहण्याचा सराव उभं राहूनच होतो. तेव्हा उद्याच्या माणसाकडे जायची वाट आजच्या वजनावरूनच जाते.

ॲरिस्टॉटल नीतिशास्त्रात मिलो या मल्लाचं उदाहरण देतो: जेवढं अन्न मिलोला अपुरं, तेवढंच व्यायामाला नुकत्याच लागलेल्याला जास्त. योग्य प्रमाण माणसागणिक ठरतं. इथे नवशिक्यालाच अधिक लागतं, एवढाच फरक.

आणि लाज तरी कितीशी जुनी? जुन्या हवाईत ‘ओलो’ नावाच्या सर्वांत लांब फळ्या सरदार-राजेलोकांचा मान होत्या. आखूड बोर्डाची प्रतिष्ठा १९६० च्या दशकाअखेरची. कोवलमच्या कोळ्यांनी ओंडके बांधून कट्टुमरम केलं, तेव्हा त्याच्या रुंदीची कोणाला शरम वाटली नसावी.

मात्र आपली मर्यादा ओळखली की नीती संपली, असं नाही. नऊ फुटी बोर्ड हातून सुटला तर दुसऱ्याच्या डोक्यात बसतो. म्हणून मऊ फोम, पायाला दोरी आणि गर्दीपासून अंतर. शिवाय मोठ्या बोर्डाला लाट लवकर सापडते, पुढच्या मुलांपर्यंत पोचण्याआधीच. थोडं जमू लागलं की प्रत्येक लाट आपलीच वाटू लागते. ज्याला जास्त आधार मिळाला, त्याने किती लाटा सोडून द्याव्यात? दुकानातल्या प्रश्नापेक्षा हा मला अवघड वाटतो, आणि तो रोज पाण्यातच सोडवावा लागतो.