आवाजी मतदान आणि ठाण्यातला फोन

माझे एक संख्याशास्त्री मित्र आहेत. त्यांना लोकशाहीचे सगळे आजार तक्त्याने बरे होतात असं वाटतं. मतदाराच्या हातात आमदारकीच्या उमेदवारांचं तुलनापत्रक द्यावं, हा त्यांचा ताजा उपाय. पोलीस, महिलांची सुरक्षितता, अमली पदार्थ, सायबर फसवणूक असे रकाने आणि प्रत्येक नावापुढे गुण. पोलीस हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याचा आहे, म्हणून या विषयावर विधानसभेच्या उमेदवाराला तपासणं रास्तच, हे मलाही मान्य आहे. माझं भांडण रकान्यांशी आहे.

मतदारसंघातले गुन्हे हा पहिला रकाना. आकडे घटले की आमदार हुशार! तक्रार नोंदवायला गेलेल्याला ठाण्यातून समजूत घालून परत पाठवलं, तरी आकडा घटतोच. गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग स्वतःच सांगतो. प्रत्येक तक्रार लिहून घेणारा ठाणेदार या पत्रकात आपल्या आमदाराला नापास करील.

उमेदवारावरचे खटले हा दुसरा. प्रतिज्ञापत्रात ते आले सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे, आणि तो मोठाच विजय होता. पण रास्ता रोकोचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एकाच बेरजेत घालायचे का? शिवाय खटले मागे घेण्याचा सरकारी रस्ताही आहे. ऑगस्ट 2021 मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत. असं बजावण्याची पाळी का आली, हे वाचकांनीच ओळखावं.

तिसरा रकाना मित्राचा लाडका: सभागृहात कोणी कसं मत दिलं. 10 जुलै 2025 रोजी विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. नागरिकाच्या स्वातंत्र्याशी इतका थेट संबंध असलेला कायदा, आणि मंजुरी आवाजी मतदानाने. माकपचे विनोद निकोले यांनी विरोध केला म्हणून त्यांचं नाव तरी कळतं. बाकी कोणता आमदार ‘हो’ म्हणाला आणि कोण गप्प राहिला, याची नावानिशी नोंदच नाही. पुढे याच कायद्याविरुद्ध महाविकास आघाडी रस्त्यावर उतरली. मित्राचा तक्ता त्यांना कोणते गुण देणार, सभागृहातले की रस्त्यावरचे?

मतं मोजली असती तरी काय कळलं असतं? 1985 मध्ये घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आला. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी धोक्यात. घोडेबाजार थांबवायला आणलेला हा कायदा. घोडेबाजार घाऊक झाला आणि किरकोळ मतभेद तेवढा मेला. पक्षादेशाची सक्ती सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरती ठेवावी, असं दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सुचवलं होतं. 1992 मध्ये किहोटो खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण पक्षादेशाचा आवाका विश्वासदर्शक मतदान आणि पक्षाच्या मूळ धोरणाचे प्रश्न इतपतच असावा, असं म्हटलं. कोणत्याही पक्षाने ते मनावर घेतलं नाही. म्हणजे उमेदवाराचं पोलीसविषयक मत विचारणं हे बसच्या प्रवाशाला ‘गाडी कुठल्या रस्त्याने नेणार?’ असं विचारण्यासारखं. विचारायचं तर ड्रायव्हरला विचारा.

लेख इथेच संपवायचा होता. पण याच युक्तिवादाने आमदार बिनजबाबदार सुटतो, आणि तो तर सर्वांत सोयीचा निष्कर्ष! पक्षादेश सभागृहातल्या मतदानाला बांधतो. ठाण्यात केलेल्या फोनला बांधत नाही. कोणता गुन्हा नोंदवायचा, कोणाला ‘समज देऊन’ सोडायचं, कोणत्या निरीक्षकाला आपल्या तालुक्यात आणायचं, या बाबतीत आमदाराला वरून कोणी सक्ती करत नाही. तिथे तो पूर्ण स्वतंत्र आहे.

निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल दिला तो नेमका याच फोनवर. ठाणेदाराला किमान 2 वर्षं हलवू नये, बदल्या-बढत्या आस्थापना मंडळाने ठरवाव्यात, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावं. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून हे सगळं मानलं आणि लगेच एक खिडकी उघडी ठेवली: अपवादात्मक परिस्थितीत, जनहितासाठी, मुदतीआधीही बदली करता येईल. शिफारसपत्रं जातात ती याच खिडकीतून. जनहित शोधण्यात आपले लोकप्रतिनिधी भलतेच तत्पर.

तेव्हा मित्राचा तक्ता मी मान्य करतो, रकाने मात्र माझे. गेल्या पाच वर्षांत पोलीस अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी किती पत्रं दिली, ती जाहीर करणार का? कोठडीतल्या मृत्यूबद्दल सभागृहात प्रश्न किंवा लक्षवेधी लावली का? प्रश्न विचारायला पक्षादेश आड येत नाही. जनसुरक्षेसारखं विधेयक पुन्हा आलं तर मतविभागणी मागणार का? नव्या उमेदवाराला पहिले दोन प्रश्न भविष्यकाळात विचारा.

उत्तरं लेखी घ्या, खाली सही घ्या आणि कागद गावातल्या वाचनालयात लावा. सही द्यायला जो नकार देईल, त्याचा रकाना कोरा ठेवा. तोही मतदाराला वाचता येतो.