कल्हई आणि लांबी

आमच्या गावात पावसाळा तोंडावर आला की कल्हईवाला यायचा. देवळाजवळच्या पाराखाली खड्डा करून भाता लावायचा. आई पितळेची पातेली देऊन मला तिकडं पिटाळायची. चकाकी यायला त्याला दोन मिनिटं लागत. नवसागराची चिमूट, धुराचा लोट, कथिलाची कांडी आणि कापसाचा बोळा, झालं. पण त्याआधी बराच वेळ तो पातेल्यात उभा राहून पायानं वाळू घाशीत गोल गोल फिरायचा. एकदा मी म्हटलं, "एवढं कशाला घासता? वरनं कल्हई होणारच हाय की."

"घाणीवर कल्हई धरत न्हाई, पोरा," तो म्हणाला.

हे वाक्य मी विसरून गेलो. पुण्यात नाना पेठेत डेंटिंग-पेंटिंग शिकायला लागलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. पहिल्या गॅरेजात जे शिकलो ते बरोबर याच्या उलट होतं. गंजलेल्या पत्र्यावर पॉलिश पेपर मारायचा, भोक मोठं असेल तर आतून जाळी किंवा बारदान चिकटवायचं आणि वरून लांबी भरायची. लांबी म्हणजे पुट्टी. वाळली की घासायची, प्रायमर मारायचा, रंग मारायचा. चार दिवसांत गाडी नवी नवरी. लांबी कशावरही बसते, घाणीवर बसते, गंजावरही बसते. निदान गिऱ्हाईक पैसे देऊन जाईपर्यंत तरी बसते.

एक दिवस शेठनं विकायला काढलेला टेम्पो माझ्याकडं दिला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चाळणी झालेला. शेठ म्हणाला, "रबराची चटई येणार आहे वर. कोण बघतंय?" मी भरलं. काम सुबक झालं म्हणून शेठनं पाठ थोपटली, आणि खोटं का बोलू, मला बरं वाटलं.

तो टेम्पो घ्यायला आले आमच्याच गावचे दूधवाले अण्णा. कर्ज काढून आले होते. नारळ, हार, पेढे. मला बघून म्हणाले, "तुझ्या हातचा हाय व्हय? मग काळजीच न्हाई." मी पेढा खाल्ला. बोललो काहीच नाही.

आषाढात चिखलाच्या रस्त्यावर अण्णांनी जोरात ब्रेक दाबला आणि टाच पत्र्यातून खाली गेली. पत्र्याची कड पोटरीत घुसली. टाके पडले, तीन आठवडे दुधाची फेरी बंद, हप्ते थकले. गावी गेलो तेव्हा पाय पसरून ओट्यावर बसले होते. मला म्हणाले, "नशीबच गंजकं निघालं बघ."

शेठचं पाप, माझी नोकरी, गरिबाला कुठं निवड असते, असं सगळं मी मनाला सांगून बघितलं. त्यात थोडं खरंही होतं. पण हात माझे होते.

ते गॅरेज सोडलं. जवळच एका उस्तादांकडं लागलो. तिथं 1984 च्या उन्हाळ्यात कॅम्पातल्या एका साहेबांची एम.जी. आली. टीसी म्हणतात ते मॉडेल, दोन माणसांची उघडी गाडी. पुढची काच आडवी झोपते, तारांच्या आऱ्यांची उंच चाकं, आणि दोन्ही बाजूंनी वाहत आलेले मडगार्ड. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनला 1945 ते 1949 या काळात अशा दहा हजारांच्या आसपास गाड्या झाल्या. साहेबांना ती रॅलीत न्यायची होती, महिन्याभरात. लाल रंग असा की तोंड दिसावं.

उस्तादांनी खिशातून चुंबक काढलं, चिंधीत गुंडाळलं आणि दाराखालून फिरवत नेलं. एका जागी ते गळून पडलं. पत्रा तिथं नव्हताच, नुसती लांबी होती. हातोडीनं ठोकलं तर टणटण वाजायच्या जागी भद आवाज आला. रंग खरवडला तेव्हा बोटभर जाडीची लांबी निघाली, आणि तिच्यामागं तपकिरी भुगा.

या गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो, हे मला तेव्हा कळलं. अ‍ॅश नावाच्या झाडाची चौकट आणि तिच्यावर पत्रा, आपल्या छकड्याचीच थोरली जात. लाकूड पाणी धरून ठेवतं, त्याला चिकटलेला पत्रा आतून गंजतो आणि बाहेर फोड येतो तेव्हा आत कारभार आटोपलेला असतो. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी पुरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो आणि वरचा रंग उचलतो. लांबीनं तो मरत नाही, उलट तिच्यामागं ओल कोंडते.

साहेब म्हणाले, "वरवर करा, रॅलीपुरतं."

उस्ताद म्हणाले, "रॅलीपुरतं करणारा दुसरा बघा. मी केलं तर उघडून करीन."

साहेब विचार करून दोन दिवसांनी परत आले. काम पाच महिने चाललं. भवानी पेठेतल्या लाकूड बाजारातून सागवान आणून चौकटीचे कुजके तुकडे बदलले. गंजाच्या पलीकडं चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. पुठ्ठ्याचा साचा काढायचा, तसा वीस गेजचा पत्रा कापायचा, वाळूच्या पिशवीवर ठोकून गोलाई आणायची. वेल्डिंग एका ओळीत करायचं नाही. इथं एक ठिपका, हातभर पलीकडं दुसरा, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा वाकडा होतो. आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही, रेड ऑक्साईडचे दोन हात.

शेवटी जोडावरचा खोलगटपणा भरायची वेळ आली. उस्तादांनी कथिल-शिशाच्या कांड्या काढल्या. जुन्या विलायती गाड्यांचे जोड कारखान्यातच असे भरत. आधी पत्रा आरशासारखा घासायचा, मग कथिलाचा पातळ हात द्यायचा आणि लाकडी फळीनं शिसं पसरायचं. "घाण राहिली तर धरत नाही," उस्ताद म्हणाले. मला पाराखालचा भाता आठवला.

शेवटच्या केसभर उंचसखल जागेवर मात्र उस्तादांनी लांबीच लावली. माझं तोंड बघून म्हणाले, "लांबीनं काय पाप केलंय? खाली भोक नसलं म्हणजे झालं."

साहेबांना एक शंका होती. इतकं बदलल्यावर ही आपली जुनी गाडी राहिली का? मला त्यात कोडं वाटलं नाही. आमच्या बैलगाडीचे आरे बदलले, साटा बदलला, धाव दोनदा चढवली. तरी ती आज्याचीच गाडी. काय बदललं ते घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. उस्तादांनी कापलेले गंजके तुकडे पोत्यात भरून साहेबांच्या हाती दिले आणि नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तारीख कोरली. मी विचारलं, "हे कोण वाचणार?"

"पुढं कधीतरी जो उघडील तो मिस्त्री."

तो मिस्त्री कदाचित अजून जन्मलाही नसेल. त्याच्याशी खोटं बोललं काय आणि खरं बोललं काय, आपल्याला दमडीचा फरक पडत नाही. तरी उस्ताद त्याचं देणं मानत होते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असं आपण म्हणतो, आणि स्वतःची गरिबी, घरची भांडणं झाकायला ती म्हण ठीक आहे. पण माझ्या झाकलेल्या मुठीवर दुसऱ्यानं पाय ठेवायचा असेल तर ती उघडलीच पाहिजे.

त्या दिवाळीत मी अण्णांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी पेढा खाताना बोलला असतास तर?" आणि धारा काढायला उठून गेले. मी हप्त्याला हातभार म्हणून आणलेले पैसे ओट्यावर ठेवले होते. ते त्यांनी घेतले, पण वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. कबुलीनं पोटरीवरचा व्रण जात नाही. मीही तशी अपेक्षा करायला नको होती.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गावाकडून एक जण निरोप घेऊन आला. अण्णांना दुसरा टेम्पो बघायचा होता. निरोप एवढाच होता, "येताना चुंबक घेऊन ये."