सुगंधी द्रव्ये घेऊन निघालेल्या स्त्रिया



नोव्हेंबर हा आपल्या मृत प्रियजनांचा महिना. दोन तारखेला आपण सिमेंतेरीत कबरींवर फुले ठेवली, मेणबत्त्या लावल्या. त्याच आठवड्यात एक आई आमच्याकडे आली. तिची मुलगी पदवीधर, आणि मुंबईत एका अंडरटेकरकडे काम शिकायला जाते म्हणते. आई म्हणाली, "फादर, तिला चार शब्द सांगा. मयतांना हात लावणाऱ्या पोरीला कोण मागणी घालील?"

खरे सांगायचे तर ते चार शब्द आम्ही मनात जुळवूही लागलो होतो. मग सहज विचारले, "तुमच्या सासूबाई वारल्या तेव्हा त्यांना आंघोळ कोणी घातली?"

"मी आणि माझ्या जावेने. बाईमाणसाला बायकांनीच घालायची ना, फादर!"

या उत्तराने आम्हांला एक जुना प्रसंग आठवला. एका तरुण मातेचे शव इस्पितळातून घरी न्यायचे होते. शवागारात तिला तयार करणारे सगळे पुरुष. तिचा नवरा दारात उभा राहून विचारत होता, "कोणी बाई नाही का हो?" कोणी नव्हती. आम्ही प्रार्थना म्हटली आणि गप्प राहिलो. सेमिनरीत आम्ही मृत्यूवर प्लेटोपासून हायडेगरपर्यंत वाचले, पण मयताला कपडे कसे चढवायचे हे कुणी शिकवले नव्हते.

शुभवर्तमानात पाहा. येशूचे शरीर क्रुसावरून उतरवून कबरेत ठेवले ते अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम यांनी, म्हणजे पुरुषांनी. तेही सांगायला हवे. पण शब्बाथ संपताच सुगंधी द्रव्ये विकत घेऊन पहाटे निघाल्या त्या मरिया मग्दालिया, याकोबाची आई मरिया आणि सलोमे. आपला धोंडा कोण लोटील, एवढीच त्यांना काळजी. त्या मयताच्या कामाला निघाल्या होत्या, आणि पुनरुत्थानाची वार्ता प्रथम त्यांच्याच कानी पडली.

अमेरिकेत पूर्वी मयताला आंघोळ घालणे, कपडे घालणे हे शेजारपाजारच्या बायकांचेच काम होते. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिकांची शवे दूरच्या गावी पाठवायची म्हणून एम्बामिंग वाढले. १८६५ साली अध्यक्ष लिंकन यांचे एम्बामिंग केलेले शव रेल्वेने गावोगावी दर्शनासाठी थांबत स्प्रिंगफील्डला गेले, आणि लोकांना ही पद्धत ठाऊक झाली. पुढे त्याचा धंदा झाला, आणि धंदा झाला तसा तो पुरुषांच्या हाती गेला. आज तिथे हे शिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्यांत निम्म्याहून बऱ्याच अधिक मुली आहेत. आपल्याकडे चेन्नईच्या वेलंकाडू स्मशानभूमीचा कारभार २०१४ साली स्त्रियांनी हाती घेतला. सुरुवातीला त्यांना विरोधच झाला.

हे काम आपल्यापासून दूरचे नाही. गल्फमध्ये किंवा बोटीवर कोणी वारले की विमानाने शव येण्याआधी एम्बामिंगचा दाखला लागतो, हे आपल्यातल्या काही घरांना चांगलेच माहीत आहे. तो कागद ज्यांच्या हातून होतो, त्यांची आठवण आपण कधी ठेवत नाही.

"पण पैसे घेऊन केले तर ती दया कसली?" असे एका काकांनी आम्हांला विचारले. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने शिकवलेल्या दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक. आजाऱ्यांची भेट घेणे हेही त्यातलेच. आपल्या कितीतरी मुली नर्स आहेत, पगार घेतात, त्यांच्या स्थळाला कोणी नाक मुरडत नाही. फुकट केले की पुण्य आणि पगार घेतला की लाज, असे ठरवले तर बायकांनी हे काम घरातच, नाव न मागता करीत राहावे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. हो, दुःखात बुडालेल्या घराकडून जास्तीचे पैसे उकळणारेही असतात. ते पाप आहे, मग ते पुरुषाने करो वा स्त्रीने.

ती आई पटून गेली असे आम्ही म्हणणार नाही. मुलीला घेऊन पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर या, असे आम्ही सांगितले आहे. आम्ही तिला अडवणार नाही. पगार ठरला आहे का, हातमोजे मिळतात का आणि रात्री दोन वाजता फोन आला तर सोबत कोण येणार, एवढे मात्र विचारणार आहोत.

तुमचे धर्मगुरू