हाड ओढून का नाही बसवलं?

अमरावती

चि. पार्थ,


परवा अकोल्याला तुझ्या उशाशी बसले होते, तेव्हा तू विचारलंस, "आजी, डॉक्टरांनी हाड पूर्ण जागेवर का नाही आणलं?" आईनं 'आराम कर' म्हणून तुला गप्प केलं. पण प्रश्न बरोबर होता. पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते, तेव्हा उत्तर मीच देते.

मांडीच्या हाडाला वर गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. गोळा आणि हाडाची मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. तुझ्या वयात उंची-वजन झपाट्यानं वाढतं, तेव्हा ती कच्ची पडते आणि हाड तिथून निसटतं. डॉक्टर त्याला नुसतं 'स्लिप' म्हणतात. गोळा वाटीतच बसून राहतो, सरकते ती मान. आणि दुखतो कोण? गुडघा! खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा सामायिक ना. तू दोन महिने लंगडत होतास आणि आम्ही गुडघ्याला बाम चोळत होतो. मीसुद्धा, सिस्टर असून.

लंगडत का होईना, मूल चालतं तोवर स्लिप 'स्थिर'. शाळेच्या पायरीवर पाय सटकला आणि तुला कुबड्या घेऊनही उभं राहवेना, तेव्हा ती 'अस्थिर' झाली. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लोडर आणि सहकाऱ्यांनी ५५ खुब्यांच्या अभ्यासातून हा भेद मांडला. अस्थिर ३० पैकी १४ गोळे रक्ताअभावी मेले. स्थिर २५ पैकी एकही नाही.

हे रक्त नेणाऱ्या वाहिन्या मानेच्या मागून, हाडाला चिकटून गोळ्याकडे चढतात. अगदी बारीक, फुलवातीच्या धाग्यासारख्या. स्लिप झाली की त्या आधीच पिळवटलेल्या असतात, त्यात कुणी जोर लावला तर संपलंच. म्हणून भूल दिल्यावर तुझा पाय हलकेच आत वळवला आणि हाड आपसूक जेवढं आलं तेवढंच घेतलं. सांध्यात साचलेलं रक्त छोट्या छेदातून काढलं, कारण त्याच्या दाबानंही वाहिन्या गुदमरतात. मग दोन स्क्रूंनी गोळा मानेला जखडला. खुबा पूर्ण उघडून, वाहिन्या जपत, गोळा नीट बसवण्याचीही रीत आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉ. गान्झ यांच्यामुळे ती रुळली. पण त्यात हात बसलेला असेल त्यानंच ती करावी. नवशिक्या हातापेक्षा थोडं वाकडं हाड परवडलं.

ओढण्याचं फळ तर तू घरातच पाहतोस. मामाआजोबांच्या डाव्या चपलेची टाच इंचभर जाड आहे ना? १९७१ साली ते तेरा वर्षांचे होते, तुझ्यासारखेच अंगानं भरलेले. महिनाभर गुडघा धरून फिरत होते, मग एके दिवशी खळ्यात पडले ते उठलेच नाहीत. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं दोघांना खांदे धरायला लावले, पाय ओढला आणि कामट्या बांधल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांना बंडीत घालून बनोसा स्टेशनवर नेलं, तिथून शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूर, मग अकोला. ती गाडी धावायची कमी, हलायची जास्त. दर गचक्याला भाऊ "माय वं!" म्हणून कळवळायचा. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, दहा वर्षांची. पुढे वर्षभरात गोळा खचला.

तुझ्या बाबांनी तुला शाळेतून उचलून थेट आडवंच दवाखान्यात नेलं, एक पाऊल चालू दिलं नाही. त्यांनी केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम.

डॉक्टर सांगतील तोवर तो पाय टेकवू नकोस. वर्षभर तरी एक्स-रे होत राहतील, गोळ्याला रक्त मिळतंय का ते त्यातच कळेल. थायरॉइडचा आणि ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट आला की फोन कर. आणि हे नीट वाच: दुसरा खुबाही घसरू शकतो. त्या बाजूची जांघ, मांडी किंवा गुडघा जरा जरी दुखला, तरी परीक्षा असो की क्रिकेटची मॅच, त्याच दिवशी आईला सांग आणि खुब्याचा एक्स-रे काढायला लाव.

तुझी आजी