टपावरचा गारवा, वाटेवरचं ऊन

चैत्र लागला की सुरतेच्या गोडादऱ्यातून सप्तशृंगगडाकडे गाड्या निघू लागतात. गोडादरा, लिंबायत, नवागाम-डिंडोली या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावकडची कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतात. कुणी लूमवर, कुणी साड्यांच्या पार्सलांवर, कुणी स्वतःच्या टेम्पोवर पोट भरतं. कुलदैवत सप्तशृंगी देवी मात्र गडावरच आहे. चिखली, वांसदा, वघई अशी वाट धरून, सापुताऱ्याचा घाट चढून गडाच्या पायथ्याची नांदुरी गाठायची. गाडी ठरवताना भाड्याच्या आधी आता एक प्रश्न विचारला जातो: एसी आहे ना?

घरातल्या एखाद्या आजोबांना हे खटकतं. ते धुळ्याहून झेंडा घेऊन उन्हातान्हात पायी गेलेले असतात. थंडगार गाडीतून गेलं तर ती यात्रा कसली, असं त्यांना मनापासून वाटतं, आणि त्यांच्या म्हणण्याचं उत्तर द्यायलाच हवं.

शास्त्र काय सांगतं ते पाहावं. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचं माहात्म्य येतं ते गरिबाच्या बाजूने. यज्ञाला राजाची संपत्ती लागते, तीर्थाला तशी लागत नाही. हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहे त्याला तीर्थाचं फळ मिळतं, असं पुलस्त्य ऋषी तिथे सांगतात. पायांचा संयम मागितला आहे, पायाला फोड आलेच पाहिजेत असं नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर देहाला छळणाऱ्या घोर तपाला आसुरी म्हटलं आहे. गडावर २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. गुडघे गेलेली बाई सुमारे पाचशे पायऱ्या टाळून ट्रॉलीने वर गेली म्हणून अठरा हातांच्या आईने तिच्याकडे पाठ फिरवली, असं कोण म्हणेल? कष्ट हे पुण्याचं माप नाही. एवढ्यापुरतं आजोबांचं म्हणणं बाजूला ठेवता येतं.

पण एसीचा खरा धर्मप्रश्न आत बसलेल्याच्या पुण्याचा नाहीच. तो समजायला यंत्र समजून घ्यावं लागतं.

एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे एका टोकाच्या उदाहरणात नीट दिसतं: अमेरिकेत कापडी भिंतींची, घडीच्या छताची छोटी फिरती घरं गाडीमागे जोडून नेतात. त्यांच्या टपावर एसी बसवायचा तर साधारण चौदा इंची चौकोनी भोक लागतं, आणि पस्तीस-चाळीस किलोचं धूड त्या हलक्या, वर उचलल्या जाणाऱ्या छतावर कायमचं बसतं. साडेतेरा हजार बीटीयूचं यंत्र आतून सुमारे चार किलोवॉट उष्णता उपसतं आणि त्यासाठी दीड किलोवॉटच्या आसपास वीज खातं. ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे आत जेवढा गारवा, त्याहून जास्त ताप बाहेर. भिंत कापडाची असली की यंत्राला आणखी राबावं लागतं, आणि बाहेरच्याच्या वाट्याचा ताप आणखी वाढतो.

मग बाहेर कोण आहे, हे विचारणं भाग आहे. थंडी-ऊन येतात आणि जातात, ते सोस, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात. हा उपदेश माणसाने स्वतःला करावा. दुसऱ्याने सोसावं म्हणून तो वापरला की त्याची तितिक्षा उरत नाही, जुलूम होतो. सुरतेचं कापड देशभर नेणारे ट्रक ड्रायव्हर वर्षानुवर्षं तापल्या केबिनमध्ये बसले. साडेतीन टनांपेक्षा जड नव्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो १ ऑक्टोबर २०२५पासून, आणि रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तो नियम नाही. त्या माणसाला केबिनमध्ये गारवा मिळणं हा न्याय आहे. त्या गारव्याला ऐषाराम म्हणणाऱ्याने मे महिन्यात भिवंडीपर्यंत त्याच्या शेजारी बसून पाहावं.

आपल्या परंपरेला गारव्याचं वावडं कधीच नव्हतं. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. महादेवाच्या पिंडीवर उन्हाळाभर थेंब थेंब पाणी सोडणारी गळती टांगतात. आणि खानदेशी घरात आखाजीला, वैशाख शुद्ध तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात, तिच्यावर खरबूज-आंबा ठेवतात. गोडादऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरातही ती घागर मांडली जाते. ऐन उन्हाळ्यात गेलेल्यांना द्यायचं काय, तर गार पाणी. या रीतींतला गारवा दिला जातो, आणि त्याच्या बदल्यात शेजाऱ्याच्या अंगावर ताप जात नाही. सच्छिद्र मातीतून पाझरणारं पाणी वाफ होताना घागरीचीच उष्णता घेऊन जातं.

अर्थात घागरीने सगळं भागतं असं म्हणणं खोटं ठरेल. सुरतेच्या दमट हवेत वाफ सावकाश होते, माठाचं पाणी खानदेशातल्या कोरड्या उन्हात होतं तितकं गार होत नाही. म्हणून पत्र्याच्या खोलीत तान्हं मूल निजवणाऱ्या आईला माठाचं माहात्म्य ऐकवू नये. तिला एसी परवडत नाही, आणि शेजारच्या एसीची गरम हवा मात्र तिच्याच खिडकीत येते. ही वाटणी अधर्माची आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

गडाच्या यात्रेतही हीच वाटणी दिसते. चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात. वर एसटीने जायचं. तिथे गाडीच्या सावलीला पायी आलेली माणसं टेकतात, आणि इंजिन चालू ठेवून गाडी थंड राखली तर धूर आणि ताप त्यांच्याच तोंडावर येतो. गाडीत आजारी माणूस किंवा तान्हं असेल तर एसी जरूर चालू राहावा, फक्त गाडी माणसांपासून लांब लावावी. बाकीच्यांनी दारं उघडावीत, पायी आलेल्यांना रिकाम्या सीटवर बसवावं, आणि पाण्याचा जार खाली उतरवून प्यायला पेला ठेवावा.